दोन्ही कान झाकून

आमच्या स्टुडिओत नवे हेडफोन घ्यायचे ठरले, की तेवढ्या वेळात लोकांच्या घरची लग्नं उरकतात. कारण हेडफोन कानसेन पारखणार, आणि कानसेनांना घाई ही चीज ठाऊक नाही.

कानसेन हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. समोर सगळे त्यांना दादा म्हणतात. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं असं म्हणतात. या माणसाने ते फारच मनावर घेतलं. बत्तीस वर्षं ते काचेच्या अलीकडे बसून पलीकडच्यांचं गाणं टिपून घेतायत, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गाण्याची एक ओळ कोणी ऐकलेली नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." त्यांनी ओठही हलवायचे सोडून दिले. हे मला त्यांनीच सांगितलं, हसत हसत. पण हसताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मशीनच्या दिव्यांकडे बघत होते.

मी तिथे वेळापत्रक सांभाळते. कोणी कधी यायचं, कोणाला किती वाजता मोकळं करायचं, कोणाचं कोणाशी पटत नाही म्हणून एका दिवशी बोलवायचं नाही, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. मला राग पटकन येतो आणि उतरायला वेळ लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण कानसेनांबद्दल मी मध्येच वाकडं बोलणार आहे.

तर हेडफोन. गाणाऱ्यांना लागतात ते बंद कपांचे, बाहेरून पूर्ण झाकलेले. गाताना त्यांच्या कानात वाद्यांची साथ आणि ठेक्याची टिकटिक चालू असते. ती कपातून गळून समोरच्या माइकमध्ये शिरली, तर गाणं वाया जातं. म्हणून कप कानाला घट्ट बसला पाहिजे. पण फार घट्ट बसला तर तासाभरात डोकं ठणकतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं म्हणजे पारख, असं कानसेन म्हणतात आणि त्यात आठ-आठ आठवडे घालवतात.

यावेळी तीन जोड तपासायला आले होते. कानसेनांनी त्यांवरची नावं कागद चिकटवून झाकली आणि वर एक, दोन, तीन असे आकडे घातले. नाव दिसलं की कान लाचावतो, हे त्यांचं मत. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मग आवाज: काडेपेटी हलवल्याचा, पेल्यावर चमचा वाजवल्याचा, एका बाईने सपाट सुरात वाचलेल्या गाड्यांच्या वेळांचा. हेच तीन आवाज ते वर्षानुवर्षं वापरतात. गाणं का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "गाणं आवडायला लागतं," ते म्हणाले, "मग हेडफोनही आवडायला लागतो." गळती तपासायला ते हेडफोन गुंडाळलेल्या टॉवेलवर चढवायचे, माइक वीतभर अंतरावर ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचे. या सगळ्यात ते तोंडातून ब्र काढत नसत. तपासणी चालू असताना बोलणं म्हणजे तराजूवर हात ठेवणं, असा त्यांचा नियम.

सोयीची परीक्षा घरी. प्रत्येक जोड सलग तीन तास डोक्यावर ठेवायचा, चष्मा लावून, आणि रोजची कामं करायची. मी एकदा एका कागदावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेले, तर हे गृहस्थ डोक्यावर हेडफोन चढवून गवार मोडत बसलेले. मी बोलले ते त्यांना कळेना. वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "हात करा त्यांच्यासमोर. आणि हेडफोनचं कौतुक करू नका फार, त्यांना माझं काही त्याच्याशिवायही ऐकू येत नाही."

तिन्हींत दोन नंबरचा त्यांना फार आवडला होता. वजनाला हलका, चष्म्याच्या काडीवर न रुतणारा, आणि गळती जवळजवळ नाहीच. "डब्याचं झाकण बसावं तसा बसतो," ते म्हणाले. बारा नग तेच घ्यायचे, असं जवळपास ठरलंच होतं.

त्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावून सांगितलं, की या गुरुवारनंतर मावशींना तारखा देऊ नका.

मावशी आमच्या कोरसमधल्या सगळ्यात जुन्या. एकसष्ट वर्षांच्या. जाहिराती, बालगीतं, सिनेमातलं मागचं गाणं, जे येईल त्यात तीस वर्षं त्यांचा आवाज आहे, आणि कुठेही त्यांचं नाव नाही. घरी त्या आई, सासू, आजी, आणि औषधांच्या वेळा लक्षात ठेवणारं माणूस. आठवड्यातले दोन दिवस त्या आमच्याकडे येतात, माइकसमोर डावीकडून दुसऱ्या उभ्या राहतात, आणि ती दीड हात जागा त्यांची स्वतःची असते. मला एकदा म्हणाल्या होत्या, "इथे कोणी मला हाक मारून काही आणायला सांगत नाही गं." ती जागा काढून घ्यायची होती, आणि ते त्यांना सांगायचं होतं मी.

"त्यांचा सूर उतरतोय," मालक म्हणाले. "वर्षभर बघतोय. वयाला इलाज नाही."

मी तडक कानसेनांकडे गेले. ते तीन नंबरच्या कपाच्या गादीवर बोट दाबून ती किती वेळात फुगते ते घड्याळात बघत होते.

"दादा, मावशींना बंद करतायत."

"हं."

"हं काय? तीस वर्षं गातायत त्या!"

"उतरतोय त्यांचा सूर. केसभरच, पण उतरतोय. मालकांनी विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही सांगितलं?"

"मग काय खोटं सांगू?"

"त्या कानांना थोडी दयामाया असती तर बिघडलं असतं का काही?"

"कानाला दया आली, की तो कान कामाचा राहत नाही, ताई," ते म्हणाले आणि पुन्हा गादीवर बोट दाबलं.

मला असा संताप आला की वाटलं, ती गादी त्यांच्याच तोंडात कोंबावी. तसं काही केलं नाही. दार आपटून बाहेर आले, एवढंच. पण ते दारही जाड गादीचं, आपटत नाही. हळूच बंद होतं. त्याचाही राग आला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. त्या संध्याकाळी कानसेन दोन नंबर चढवून घरात वावरत होते. वहिनींना गुडघ्याला लावायचं नवीन मलम आलं होतं आणि चष्मा सापडत नव्हता. त्यांनी आतला बारीक अक्षरांचा कागद नवऱ्यापुढे धरला आणि वाचून दाखवा अशी खूण केली. तीन तासांतली चाळीस मिनिटं उरली होती, हेडफोन काढला तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून त्यांनी तो न काढता वाचायला सुरुवात केली.

"मोठ्याने वाचा की," वहिनी हातवारे करून म्हणाल्या, "हे काय मंत्र पुटपुटल्यासारखं!"

कानसेन थांबले. त्यांच्या मते ते खणखणीत वाचत होते. डोक्यात त्यांचाच आवाज पिंपात तोंड घालून बोलावं तसा घुमत होता, जाड, मोठा. त्यांनी पुन्हा एक ओळ वाचली. वहिनींनी पुन्हा कपाळाला हात लावला. मग कानसेनांनी उजवा कप कानावरून मागे सारला, तीच ओळ वाचली, आणि स्वतःचा आवाज किती लहान आहे ते त्यांना ऐकू आलं. वहिनी म्हणतात, त्यानंतर ते कागद हातात धरून तसेच बसून राहिले. मलम कसं लावायचं ते शेवटी कळलंच नाही, वहिनींनी आपलं अंदाजाने लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायला गेले तर हे पायरीवर बसलेले.

"ताई, मी आत जातो. मी हात वर केला की ते लाल बटण दाबा."

"आत? बूथमध्ये? आणि करणार काय?"

"गाणार आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इंजेक्शन घ्यायला बसलेल्या माणसासारखा झाला होता.

मी काल दार आपटलं होतं, त्यामुळे हसायचं नाही असं ठरवलं. पेटीचा एक सूर त्यांच्या कानात सोडला, बटण दाबलं, आणि कानसेन बत्तीस वर्षांत पहिल्यांदा काचेच्या पलीकडे उभे राहून गायले. आधी दोन्ही कान झाकून, मग एक उघडा ठेवून. देवा रे! त्यांच्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण मला हसू आलं नाही, कारण ते मध्ये एकदाही थांबले नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी स्वतःचं गाणं दोनदा ऐकलं. "दोन्ही बेसूर," ते म्हणाले. "यावरून काही सिद्ध होत नाही. नीट गाणारं माणूस पाहिजे."

नीट गाणारं माणूस दहा वाजता आलं. कोरसमधली लांब केसांची मुलगी, मावशींच्या शेजारी उभी राहते ती. कानसेनांनी तिला दोन नंबर दिला, तिने चढवला, गायली. अगदी सुरात. कानसेनांचा चेहरा पडला. मग ते काचेजवळ गेले, तिच्याकडे निरखून बघितलं आणि आत जाऊन तिचे केस बाजूला केले. उजवा कप कानावर नव्हताच. कानाच्या मागे, केसांखाली होता.

ती घाबरली. सव्वा वर्षापूर्वी एका बालगीतात शेवटचं कडवं सगळी वाद्यं थांबवून हळू आवाजात घेतलं होतं, आणि त्यात मागून टिकटिक ऐकू आली होती. कोणीतरी कप सरकवला होता. सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हा कानसेनांनी बूथच्या दारावर पाटी लावली होती: गाताना दोन्ही कान पूर्ण झाकलेले हवेत.

"दादा, चुकलं," मुलगी म्हणाली. "पण दोन्ही झाकले की आपलाच आवाज डोक्यात असा भरतो, की कुठे लागतोय तेच कळत नाही. आम्ही सगळ्याच सरकवतो. हळूच, तुम्ही खाली बघत असलात की. केसांनी झाकतो."

"सगळ्याच?"

"मावशी सोडून. आम्ही त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, दादांनी पाटी लावलीय ना, मग लावलीय."

कानसेनांनी तिला दोन्ही कान नीट झाकून गायला लावलं. सूर उतरला. केसभरच, पण मलाही कळला. मग पहिला जोड दिला, मग तिसरा, मग आमचे जुने. सगळ्यांत उतरला, दोन नंबरमध्ये सगळ्यात जास्त. जितका कप घट्ट, तितका सूर खाली. ते खुर्चीत बसले. मुलगी आत उभीच होती, तिला जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. मी तिला खुणेने बाहेर बोलावलं.

"काडेपेटी ऐकली," ते म्हणाले. माझ्याशी नाही, असेच. "चमचा ऐकला. गाड्यांच्या वेळा ऐकल्या. गाणाऱ्याच्या डोक्यावर घालायची वस्तू, आणि ती घालून कोणाला गायला नाही सांगितलं."

माझा कालचा राग अजून पुरता उतरला नव्हता. तरी मी त्यांच्यासाठी चहा केला आणि साखर न विचारता घातली.

मालकांकडे ते माझ्यासमोरच गेले. फिरवून काही बोलले नाहीत. "मावशींचा सूर वयामुळे नाही, माझ्या पाटीमुळे उतरला, आणि मी तुम्हाला त्याचं कारण चुकीचं समजू दिलं," असं सरळ सांगितलं.

"आणि मग गळतीचं काय?" मालकांनी विचारलं.

"उजवा कान उघडा ठेवायचा, आणि त्या बाजूचा आवाज मशीनवरून बंद करायचा. सगळी साथ डाव्या कानात. उजव्या कपात आवाजच नसला तर गळणार काय?"

"त्याला नवीन काही मशीन लागेल?"

"नाही. बटण आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

"मग सव्वा वर्षात हे सुचलं नाही?"

"नाही सुचलं," कानसेन म्हणाले.

मालक मनाने वाईट नाहीत, पण हिशेबी आहेत. ते म्हणाले, गुरुवारी मावशी येणारच आहेत. सूर बसला तर तारखा चालू ठेवू, नाहीतर ठरलंय ते ठरलंय. बाहेर आल्यावर कानसेनांनी पहिलं काम केलं ते पाटी काढायचं. डिंक पक्का होता, अर्धा कागद दारालाच राहिला. तो त्यांनी नखाने खरवडून काढला.

गुरुवारी मावशी नेहमीसारख्या पंधरा मिनिटं आधी आल्या, पिशवीत पाण्याची बाटली आणि बाहीत खोचलेला रुमाल. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कानसेनांनी हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मावशी, आज उजवा कान उघडा ठेवा."

मावशींनी दाराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "नको दादा. माझ्यासाठी नियम मोडू नका. बाकीच्या काय म्हणतील?"

बाकीच्या सगळ्या अचानक आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

"नियम मोडत नाही. नियम चुकला होता," कानसेन म्हणाले.

त्या गायल्या. मालक माझ्या मागे उभे होते आणि मी काचेतून मावशींचा उजवा कान बघत होते, छोटासा, कुडी घातलेला. पहिल्या ओळीला त्या जरा चाचरल्या. दुसऱ्या ओळीपासून तो आवाज इतरांच्या मधोमध असा जाऊन बसला, की मला तो वेगळा शोधावा लागला. कोरसमध्ये हेच हवं असतं. मालकांनी माझ्या टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि निघून गेले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, तारखा लिहा.

काम संपलं, बाकीच्या गेल्या. मावशी बाहेरच्या बाकावर बसून पाणी पीत होत्या. कानसेन त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी वेळापत्रक उघडून बसले होते, पण लक्ष सगळं तिकडेच होतं, कशाला खोटं बोलू?

"मावशी, एक कान उघडा असला की तुमचा सूर बसतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं की. तीस वर्षं तशीच गात होते."

"मग पाटी लावली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्या कानापुढे मी काय बोलणार?" मावशी म्हणाल्या. "म्हटलं, दादा सांगतात म्हणजे बरोबरच असणार. आपलंच काहीतरी कमी पडतंय. सगळ्यांना जमतंय, मला एकटीला जमत नाही. म्हणून घरी कापसाचे बोळे घालून गायला बसायचे. दुपारी, सगळी झोपली की. दोन्ही कानांत. सूर लागला की नाही ते कळायला हात असा गळ्यावर ठेवायचा." त्यांनी ठेवून दाखवला. "वर्ष झालं. आता आता जरा जमायला लागलं होतं हो."

कानसेन त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "मावशी, तुमचा सूर उतरतोय, हे मालकांना मीच सांगितलं होतं. तुमचं काम जाणार होतं. आज शेवटचा दिवस होता तुमचा."

मला वाटलं, हे कशाला सांगायचं! झालं ना सगळं नीट, मग? मावशींनी बाटलीचं झाकण लावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उतरत होता ना पण?" त्यांनी विचारलं.

"उतरत होता."

"मग खरंच सांगितलंत तुम्ही," मावशी म्हणाल्या.

कानसेनांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले, आवाज न करता. मावशींनी बाहीतला रुमाल काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.